वरच्या पुलाखालची बाटली

नदीचं पाणी तपासायला ते घ्यावं कुठून? नगरपालिकेच्या प्रयोगशाळेतला तपासनीस गेली अकरा वर्षं बाटली वरच्या पुलाखाली भरायचा, म्हणजे नदी शहरात शिरायच्या आधीच. तिथे रस्ता चांगला, सावली दाट, शेजारी चहाची टपरी. खाली, जिथे इस्पितळाचा आणि औषधाच्या कारखान्याचा नाला नदीत येतो, तिथे कोण मरायला जाणार? नदी एकच, मग पाणीही एकच, हे प्रयोगशाळेच्या साहेबांचं शास्त्र. त्यामुळे अहवालात दरवर्षी तेच यायचं: नदीतल्या जंतूंवर सगळी औषधं लागू पडतात. जंतूसुद्धा बघा किती गुणी!

मग तपासनीसाच्या घरचा नळ दोन दिवस कोरडा राहिला. बायको चादरी धुवायला नाल्याखालच्या पायऱ्यांवर निघाली.

"अहो, पाणी बरं आहे ना?"

"अगं, रिपोर्ट आमच्याच हातचा आहे," तो ऐटीत म्हणाला.

पाण्यातल्या पत्र्याने तिचा तळपाय कापला. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नगरपालिकेचा अहवाल बघूनच औषध सुरू केलं. चार दिवस सुया टोचून झाल्या, ताप काही हटेना. "अहवालाप्रमाणे जंतू कधीच मरायला हवेत," त्या वैतागून म्हणाल्या, "पण यांना वाचता येत नाही वाटतं!"

तपासनीसाचं धाबं दणाणलं. त्याच दुपारी तो नाक दाबून नाल्याच्या तोंडाशी उतरला आणि बाटली भरून आणून त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढायला ठेवले. दुसऱ्या दिवशी बशी उघडून पाहतो तो काय, सहा वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवलेल्या, त्यातल्या पाचांना अगदी खेटून जंतूंची वसाहत मजेत पसरलेली. सहाव्या चकतीभोवती तेवढे जंतू मरून मोकळी जागा झाली होती.

"हे नाल्याचं पाणी आहे, नदीचं नाही," साहेबांनी बशी दूर सारली. "अहवालात धरू नका. उगाच बोभाटा होईल."

तो बशी घेऊन तडक इस्पितळात पळाला. बाईंनी सहावं औषध सुरू केलं. पाय वाचला, पण दोन बोटं कापावी लागली. "चार दिवस आधी कळलं असतं तर," एवढंच म्हणून बाई निघून गेल्या.

बायको शुद्धीवर आली ती त्याचा हात घट्ट धरून. "तुम्ही होतात म्हणून वाचले. त्या तुमच्या साहेबाचं मात्र वाटोळं होवो! खोट्या अहवालावर सही करताना लाज कशी वाटली नाही मेल्याला?"

साहेबाच्या माथी सगळं मारायची एवढी आयती संधी पुन्हा कुठली मिळायची! मान डोलावली की काम झालं. पण त्याने तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं.

"साहेब नाही गं," तो म्हणाला. "बाटली मीच भरायचो. वरच्या पुलाखाली."

तिने आपला हात सोडवून चादरीखाली घेतला.