साध्या पालीचं नाव

मित्रांनो, भिंतीवरची नव्हे, बाटलीतली जुनी पाल बोलतेय. फार थकलेय. आवाज बारीक येईल, सांभाळून घ्या.

माझा जन्म काळ्या खडकांच्या एका टेकडीवरचा. दिवसा कपारीत पडायचं, अंधारलं की किडे टिपायचे, एवढाच संसार. एकदा एका तरुण अभ्यासकाने मला आणि माझ्या बहिणीला धरलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मला आधी फॉर्मॅलिनमध्ये कडक केलं, मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं आणि पायाला चिठ्ठी बांधली : साधी पाल. बहीण निराळ्या बाटलीत गेली. ती मऊ पडली, सुरकुतली, म्हणून तिला कपाटात मागे ढकललं. मी ताठ, म्हणून विद्यार्थ्यांपुढे मिरवायला मी. पोरं नाक मुरडायची, "पाल ती पाल, तिच्यात काय बघायचं?" पुढे तीही येईनाशी झाली. स्पिरिट आटून पाठ उघडी पडली, तरी कुणी ढुंकून बघेना. कंटाळा यायचा हो.

तो अभ्यासक आता संग्रहालयाचा प्रमुख झालाय. सगळे त्याला सर म्हणतात. त्याच्या एका विद्यार्थिनीने मला भिंगाखाली घेतलं. पाठीवरचे टपोरे खवले मोजले, बोटांखालच्या पट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तर गप्पच होते.

"सर, ही साधी पाल नाही. वेगळीच जात आहे."

"अगं, नुसत्या खवल्यांवर कोण विश्वास ठेवेल? जनुकं जुळवून दाखव."

तिथेच घोडं अडलं. फॉर्मॅलिनने माझी जनुकं केव्हाच मोडून टाकली होती. तिने माझ्या मांसाचा कण दोनदा तपासला, हाती काही लागलं नाही. मला वाटलं, गेलं. आता जन्मभर दुसरीच्याच नावाने राहायचं.

सरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मागची ती सुरकुतलेली बघ. त्या दिवशी माझ्या हातून फॉर्मॅलिन सांडलं होतं. ती थेट स्पिरिटमध्ये टाकली. गुरुजींनी काय झापलं होतं मला!"

बहिणीची जनुकं शाबूत निघाली. आमची साध्या पालीशी दूरचीच सोयरीक होती.

"म्हणजे तेव्हा स्पिरिटमध्ये चुकलो आणि चिठ्ठीतही चुकलो," सर म्हणाले.

"सर, स्पिरिटमध्ये चुकलात म्हणून तर चिठ्ठी सुधारता आली."

आम्हाला नवं नाव मिळालं. माझ्या पायाला लाल चिठ्ठी आली, नव्या जातीच्या पहिल्या नमुन्याला बांधतात ती. बाई गं, किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग जिवंत भावंडं बघायला दोघं टेकडीवर गेले. परतले ते पडलेल्या चेहऱ्याने. खडीसाठी टेकडी पार खणून नेली होती. राहिलेल्या खडकांत बॅटरी मारून मारून हात दुखले, एकही पाल दिसली नाही.

सर माझ्या बाटलीपुढे येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "नाव तर ठेवलं पोरी, पण आता हाक कुणाला मारायची?"

मित्रांनो, तुमच्या भिंतीवर, खडकावर एखादी पाल दिसली, तर झाडू उगारण्याआधी जरा थांबा. ती कोण आहे, हे अजून कुणी विचारलं नसेल. माझं काय, मला बाटली आहे. तिला तिची कपार राहू द्या.