किसनरावांच्या जिनिंगमधली खिंड

माणसाने काहीही करावं, पण लग्नाच्या पंगतीत, भरल्या पोटी, नागपूरच्या पाहुण्यासमोर फुशारकी मारू नये. हिंगणघाटच्या महादेवरावांनी नेमकं तेच केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, दुसरं काही नाही.

झालं असं, की महादेवरावांचे दोस्त किसनराव यांच्या पोरीच्या लग्नाला किसनरावांचे नागपूरचे साडू ताराचंद आले होते. ताराचंदांनी मागच्या उन्हाळ्यात नवी गाडी घेऊन थेट मनाली गाठली होती आणि रोहतांगची खिंड पाहून आले होते. वरण-भातावर जे सुरू झाले ते मठ्ठा आला तरी थांबेनात. वळणावर वळण, एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला बर्फ, आणि मधून ताराचंद. किसनराव तोंड उघडं टाकून ऐकत होते. महादेवरावांना ते काही सोसवेना. त्यांच्याकडे जीप होती ना. सैन्यातून निघालेली, चारही चाकं ओढणारी. मोटारपंपाचं दुकान होतं त्यांचं, आणि भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून पंपासकट ती जीप बाहेर काढताना अर्ध्या तालुक्याने त्यांना पाहिलं होतं.

"डांबरी रस्त्यानं कोणीबी जाते," महादेवराव बुंदी चघळत म्हणाले. "जूनमध्ये मी जीप घेऊन लडाखच्या खारदुंग खिंडीले जातो. रस्ता नसन तिथून जातो. नाल्यातून जातो, गोट्यातून जातो."

पंगतीतल्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग किसनराव म्हणाले, "मीबी येतो तुमच्यासंगं." झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला, आणि वाढपी पत्रावळी उचलेपर्यंत तो गावभर झाला. दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता तो.

आता यातली गोम ऐका. महादेवरावांना उंचीचं भेव होतं. थोडंथोडकं नाही. टीव्हीचा अँटेना हलला तर गच्चीवर त्यांचा मुलगा जायचा. एवढी वर्षं पंप विकले, पण बाप्पा, गड्याने एकाही विहिरीत डोकावून पाहिलं नाही. विहिरीपाशी गेले की आभाळाकडे बघून शेतकऱ्यालाच विचारायचे, "खोल किती?" लोकांना वाटायचं, काय विचारी माणूस आहे. गावात महादेवराव म्हणजे वाघ, आणि वाघाला गच्चीचं भेव वाटतं हे कळलं तर पानठेल्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. बायकोलासुद्धा त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की सहल मोडायची, पण अशी मोडायची की मोडणारे आपण दिसता कामा नये.

लग्नाहून घरी आले तर वच्छलाबाई पेटी उपसून विणायच्या सुया शोधत होत्या. "आपल्याले किती स्वेटर लागतीन?" त्यांनी विचारलं.

"आपल्याले म्हणजे?"

"म्हणजे मीबी येणार ना. बर्फ पाह्यचा हाय मले. लग्न झाल्यापासून लांबच्या गावाले म्हणून कुठं गेलतो आपण? पंप घ्याले कोइंबतूरले. तेबी तुम्ही फॅक्टरीत अन् मी लॉजवर."

दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी पहिलं कारण काढलं. जीप म्हातारी झाली, म्हणाले, इंजिन घाट ओढणार नाही. तर हायवेवरचा मेकॅनिक रुपेश, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो येऊन जीप घेऊन गेला. इंजिन खोललं, पुसलं, बसवलं. एवढं गोड चालायला लागलं ते, की महादेवरावांना दुसरं कारण शोधावं लागलं.

मग त्यांनी हवेचं काढलं. "तिकडं हवा पातळ राह्यते, रुपेश. माणूस बसल्या जागी गचकते."

रुपेशने संध्याकाळी वेल्डिंगचा सिलिंडर दुकानात आणून उभा केला. "ऑक्सिजनच हाय, काका," तो म्हणाला. "याच्यानं लोखंड कापते, तं तुमची छाती कायले मोकळी होणार नाई?"

जेवणाचं काढलं, तर मोहल्ल्यातल्या बायकांनी जवसाची चटणी, चिवडा आणि कुरड्या यांचे डबे इतके आणून टाकले, की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. थंडीचं काढायची तर सोयच नव्हती. एप्रिल लागला, पारा बेचाळीसवर गेला, कुत्री नालीत जाऊन बसायला लागली, आणि वच्छलाबाई रोज दुपारी स्वेटर घेऊन यायच्या. "हात वर करा. बगलेत घट्ट तं नाई होत?" महादेवराव कूलरसमोर हात वर करून उभे राहायचे आणि घामाने निथळायचे.

संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर नकाशा उघडला जायचा. किसनराव चष्मा लावून बोट फिरवायचे. "हे रोहतांग. इथून पुढं बारालाचा. इथं पूल नाई म्हणते, पाण्यातून गाडी घाला लागते. मंग तंगलंग." आणि दर खिंडीला उंची वाचून दाखवायचे, तेही मोठ्याने. महादेवरावांना बसल्या जागी भोवळ यायची. नकाशा सपाट होता हो, काउंटरवर पसरलेला, तरी यायची. एक मात्र आहे, किसनरावांचंही बोट बारालाचापाशी थरथरायचं. पण ते कूलरच्या वाऱ्याने असेल, असं महादेवरावांना वाटलं.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं.

"सगळं ठीक हाय," ते म्हणाले. "पण घाटाचा सराव कुठं हाय आपल्याले? आपल्या गावाच्या नावात घाट हाय तेवढाच. बाकी सारं पोळी लाटल्यावानी सपाट. बिना सरावाचं बायकामाणसाले घेऊन जाणं म्हणजे पाप हाय. पुढल्या वर्षी पाहू."

वच्छलाबाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पडला. महादेवरावांना ते दिसलं, वाईटही वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईटापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

किसनरावांनी चहाचा घोट घेतला. "मी बांधतो घाट," ते म्हणाले.

आता किसनरावांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. हंगाम सरत आला होता, पण आवारात कापसाच्या गाठी रचून पडल्या होत्या. दाबून, पट्ट्या आवळून बांधलेल्या, दगडासारख्या टणक. हमालांना लावून किसनरावांनी त्यांची चढण रचली. पुढे एक थर, मग दोन, मग तीन, करत करत एका मजल्याएवढी उंची झाली, आणि पलीकडून तशीच उतरण. वर सागाच्या फळ्या ठोकल्या. दोन्ही अंगांना गाठींच्या भिंती उभ्या केल्या, म्हणजे खिंड दिसावी. आणि वर बर्फ म्हणून मोकळा कापूस पसरला. एवढं करून थांबतील तर ते किसनराव कसले? माथ्यावर पाटी लावली, 'उंची अठरा हजार फूट'.

सरावाच्या दिवशी गाव लोटलं. कुल्फीवाला आला. आग लागू नये म्हणून पाण्याचा टँकर उभा केला होता, रुपेश आपला सिलिंडर घेऊन तयार होता. वच्छलाबाई लाल स्वेटर आणि कानटोपी घालून जीपमध्ये बसल्या होत्या. ऊन असं होतं की कौलं तडकावीत.

महादेवरावांनी मनात मारुतीचं नाव घेतलं आणि गियर टाकला. चढताना काहीच झालं नाही. जीपचं नाक वर, समोर नुसतं आभाळ. वा, म्हणाले मनाशी, एवढंच असतं होय. मग जीप माथ्यावर पोचली, नाक खाली आलं, आणि समोरचं आभाळ जाऊन तिथे हिंगणघाट आलं. जिनिंगचे पत्रे, लोकांची डोकी, कुल्फीवाल्याची छत्री, सगळं खाली. महादेवरावांनी ब्रेकवर पाय दिला तो खिळा ठोकल्यासारखा. इंजिन बंद पडलं. स्टीअरिंगला मिठी मारून त्यांनी डोळे मिटले.

खाली टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, गडी वरून नजारा पाहतो आहे.

"ऑक्सिजन आणू काय, काका?" रुपेश ओरडला.

"पाय नका हलवू," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हातब्रेक ओढला. "आता इकडं सरका. डोळे उघडू नका. मी तिकडं येतो."

"तू कायले?"

"गाडी उतरवाले. तुम्ही दुपारी झोपता तवा रुपेशनं शिकवली मले. रोज बायपासवर नेत होता."

"अन् काऊन शिकली तू?"

"कोणाले तं चालवाच लागन ना तिकडं. तुम्हाले उंचीचं भेव हाय, मले का माहीत नाई? वरातीत घोड्यावरून तुम्हाले चौघायनं उतरवलं होतं. मी वरून खिडकीतून पाहून राह्यली होती."

महादेवरावांना डोळे मिटल्या मिटल्याच लाज वाटली. एवढी वर्षं. एवढी वर्षं ही बाई अँटेना हलला की न सांगता मुलाला हाक मारत होती, आणि आपण समजत होतो की आपण हुशार. ते सरकले. गियरच्या दांड्याशी वच्छलाबाईंचं लुगडं अडकलं, ते सोडवलं, आणि त्या जागेवर बसल्या. जीप सुरू झाली आणि फळ्यांवरून कण्हत कण्हत, एका लयीत खाली उतरली. कापूस उडाला तेवढाच.

लोक गोळा झाले. किसनराव पुढे आले. "वहिनी काऊन चालवून राह्यल्या?"

"यायच्या पायात गोळे आले," वच्छलाबाई लगेच म्हणाल्या. "ऊन किती हाय. म्हणून मी घेतली."

लोकांनी माना हलवल्या. पटलं त्यांना. वाघ वाघच राहिला. महादेवरावांनी आता फक्त पाय चोळायचा होता. त्यांनी पायाकडे हातही नेला. मग बायकोकडे पाहिलं. कानटोपीतून घाम गळत होता आणि ती त्यांच्यासाठी सगळ्या गावापुढे धडधडीत खोटं बोलत होती.

"गोळे नाई आले," महादेवराव म्हणाले. "मले भेव लागते. उंचीचं. लहानपणापासून लागते. गच्चीवरबी नाई जात मी."

कोणी हसलं नाही. कुल्फीवाल्याने घंटी वाजवायची थांबवली. किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मलेबी लागते गा, महादेवा," ते म्हणाले. "मले वाटलं, तू आज ना उद्या नाई म्हणशीन. म्हणून मी हो म्हणत गेलो. खिंड माथ्यापर्यंत गेली तवा मले दोन दिवस जेवण गेलं नाई."

रुपेश सिलिंडरला टेकून खाली मान घालून हसत होता. वच्छलाबाई स्टीअरिंगवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

"म्हणजे इतक्या मोठ्या गावात," त्या म्हणाल्या, "जायचं मले एकटीलेच होतं तं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. महादेवराव जीपला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. लोक ऐकत आहेत याची त्यांनी पर्वा केली नाही. "तू चालव," ते म्हणाले. "मी येतो. बाजूले बसतो. माह्याच्यानं पाहणं होणार नाई, पण बसणं होईन."

जूनमध्ये एका सकाळी निघाले. मागे डबे, डब्यांवर आडवे किसनराव, कारण मोडता घालणारे आपण ठरू नये ही हौस त्यांची अजून फिटली नव्हती. गावाची वेस ओलांडली तशी महादेवरावांनी सीटची कड धरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कितीक वर आलो?"

"कुठं वर?" वच्छलाबाई म्हणाल्या. "आत्ता तं जामचा चौरस्ता आला. तुम्ही डोळे काऊन मिटले?"

"सराव करून राह्यलो."

"सराव मनालीपासून करजा. इथं सपाट हाय. डावीकडून ट्रक येते काय ते पाहा."

महादेवरावांनी डोळे उघडले आणि डावीकडे पाहिलं. ट्रक नव्हता. मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. वच्छलाबाई दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून गात होत्या, आणि त्यांना गाणं येतं हे महादेवरावांना माहीत नव्हतं.