दोर सोडल्यानंतर

तांडेलाचा आणि दाजींचा अबोला सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. तांडेल बंदरातली टगबोट चालवायचा. मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापासून ओढून काढायचं आणि नदीच्या खोल पाण्यात नेऊन सोडायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच बंदरात पायलट होते. परक्या कप्तानाच्या शेजारी उभं राहून जहाज पुलाखालून समुद्रात काढून द्यायचे.

भांडण झालं ते कँटीनमध्ये. चार लोकांसमोर दाजी गमतीत म्हणाले, "टग चालवायला काय लागतं? ढकलगाडीच ती!" सगळे हसले आणि तांडेलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून रेडिओवर तो "होय" आणि "सोडला" याच्यापुढे जाईना. टगवरचा इंजिनवाला म्हणायचा, "तुम्हा दोघांना एक दुभाषा नेमून द्यायला पाहिजे."

त्या सकाळी कंटेनरांनी भरलेलं एक जहाज निघालं. वर दाजी, खाली तांडेल, मध्ये मांडीएवढा जाड दोर. जहाज वळवून सरळ केलं आणि तांडेलाचे कान टवकारले. डेकवरच्या पंख्यांची घरघर एकाएकी थांबली होती. माथ्यावर फिरणारी रडारची पट्टीही थबकली. मग धुराड्यातून काळ्या धुराचा भपकारा निघाला आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

"वीज गेली होती वाटतं," इंजिनवाला म्हणाला. "विचारा की दाजींना."

तांडेलाने रेडिओ हातात घेतला. पुलापर्यंत सोबत येऊ का, एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यात दाजींचा कोरडा आवाज आला, "दोर सोडा."

वरून सगळं दिसतंय त्यांना, आपण कशाला शहाणपणा शिकवायचा, असं मनाशी म्हणत त्याने बटण दाबलं. "सोडला."

टग माघारी फिरली. धक्का जवळ आला असेल-नसेल, तोच रेडिओवर दाजी ओरडले, "वीज गेली! इंजिन बंद, सुकाणू वळत नाही! पुलावरची रहदारी थांबवा! टग परत या, लवकर या!"

असा आवाज त्यांच्या तोंडून तांडेलाने कधी ऐकला नव्हता. त्याने टग गर्रकन वळवली आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावली. लांबवर जहाज तिरकं होत चाललं होतं. ओहोटीचं पाणी त्याला पुढे रेटत होतं, वारा बाजूला ढकलत होता. नांगर टाकलेला दिसला, पण एवढं धूड नांगराला थोडंच जुमानणार! तांडेल अर्ध्या वाटेवर असतानाच जहाजाचं नाक पुलाच्या खांबाला भिडलं. पुलाचा मधला भाग आधी वाकला, मग सगळाच्या सगळा पाण्यात बसला. आवाज त्यानंतर आला.

गाड्या वेळेत अडवल्या गेल्या होत्या. कठडे रंगवणारे दोघं मात्र मधोमध होते, त्यांच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही. एकाला तांडेलाने स्वतः ओढून टगवर घेतलं. त्याच्या केसांत ओला करडा रंग होता आणि तो सारखा जोडीदाराला हाका मारत होता. जोडीदार तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "दोर सोडण्याआधी काही वेगळं दिसलं?"

"दिसलं."

"मग कळवलं का नाही?"

"आमचा अबोला होता, साहेब."

साहेबांचं पेन थांबलं. ते म्हणाले, "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

जहाजाच्या विजेच्या कपाटात एक तार सैल होती, असं अहवालात आलं. टगवर ठपका नव्हता. तांडेलाला त्याने काडीचाही दिलासा मिळाला नाही.

दाजींनी नोकरी सोडली. महिन्याभराने तांडेल त्यांच्याकडे गेला आणि जे गिळलं होतं ते सगळं बोलून टाकलं. दाजी हाताच्या नखांकडे बघतच बोलले.

"मला कळलं नसेल असं वाटलं तुला? कप्तान म्हणाला, किरकोळ आहे, झालं ठीक. तरी तुला पुलापर्यंत चल म्हणणार होतो. पण तू धड उत्तर देईनास. म्हटलं, याच्या कुठे नाकदुऱ्या काढायच्या!"

"दाजी, मी आलो असतो हो."

"माहीत आहे रे."

ताई दारात उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "हे एकमेकांना काय सांगत बसलात? जिचा माणूस गेला तिला जाऊन सांगा."

दोघं गेले. रंगाऱ्याची बायको तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, स्वतः उभीच राहिली. तांडेल बोलला, मग दाजी बोलले. काही लपवलं नाही.

"एवढ्यावरून?" शेवटी तिने विचारलं.

तिने दार उघडून धरलं. जिना उतरताना दाजींना दोनदा थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा तांडेल एक पायरी खाली उभा राहिला.