बाबांची हुशार लेक

बाबांनी आता गाडी चालवायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पण उभा जन्म टॅक्सी चालवण्यात गेलेला माणूस, ऐकणार कुणाचं? परवा शेजाऱ्यांच्या फाटकाला गाडी घासून आले, तेव्हा दादाने किल्ली काढून घेतली आणि धाकटीच्या हातात ठेवली.

"मी बोललो की भांडण होतं. तूच समजाव. आणि काही झालं तरी किल्ली द्यायची नाही."

धाकटी तयारीनिशी बोलली. डॉक्टर, फाटक, रस्त्यावरची माणसं, सगळं. बाबांनी मधे तोंड न घालता ऐकून घेतलं. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

"किती मुद्देसूद बोलतेस गं!" ते म्हणाले. "वकीलच व्हायचीस तू. दादा नुसता आरडाओरडा करतो. माझी अक्कल उतरली ती तुझ्यात."

चाळिशीला आलेल्या धाकटीने हे जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती वर्गात पहिली आली तेव्हाही बाबा एवढंच म्हणाले होते, "दादाचाही घे जरा अभ्यास."

"बाबा, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका."

"बघ! हेही तुलाच कळलं." ते हसले. "म्हणून तुलाच विचारतो. दिवसाउजेडी, ओळखीचा रस्ता, शेजारी तुझ्यासारखं शहाणं माणूस. यात धोका आहे? तू म्हणशील ते मान्य."

आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती परत नुसती धाकटी होणार होती.

तिने दादाला फोन लावला. "अरे, जवळच तर जायचंय. मी बसते ना शेजारी..." आपल्या तोंडून बाबाच बोलतायत, हे तिला ऐकू येत होतं. थांबता मात्र येईना.

"गुंडाळलं ना तुलाही?" दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गाडी निघाली. चौक जवळ आला तसे बाबांनी डोळे बारीक केले.

"लाल आहे का गं?"

"लाल! बाबा, लाल!"

करकचून ब्रेक लागला. रस्ता ओलांडणारी एक बाई पिशव्या सावरत मागे सरली आणि काचेतून दोघांकडे बघत राहिली.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "तू आहेस म्हणून."

आणि मेलं, तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.