अठरा मायक्रॉनचं भोक

ठिपका केसाच्या निम्म्या जाडीएवढा रुंद होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध भोक होतं. तिने पडद्यावर रेघ ओढून ते मोजलं. अठरा मायक्रॉन. तीन आठवड्यांतली ही सातवी खेप, आणि दर वेळी अठराच.

"मोजून मोजून झिजेल ते," दारातून मामा म्हणाले.

लेझर चालवणारे मामा अख्ख्या प्रयोगशाळेचे मामा होते. काचपट्टी फेकणं त्यांच्या जिवावर यायचं. तिने 'खराब' म्हणून बाजूला काढलेल्या पट्ट्यासुद्धा त्यांनी बुटांच्या खोक्यात जपल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी ते खोकं तिच्यापुढे आपटून ते म्हणाले होते, "एक खराब निघाली तर माझा हात हलला म्हण. एकतीस निघाल्या, त्याही एकसारख्या. आता बोल!"

प्रयोग सांगायला सोपा होता. काचेवर सोन्याचा पातळ थर, त्यावर जस्ताच्या क्षाराच्या द्रावणाचा थेंब. लेझर रोखला की सोनं तापतं, आणि तापेल तिथेच द्रावणातून झिंक ऑक्साइडच्या सुया उगवतात. कुठे किती तापेल हे गणित तिचं, पाच वर्षांचं. त्यात मध्यभाग सर्वांत गरम, म्हणून सुयाही तिथेच सर्वांत दाट. आणि चौथ्या प्रकरणात, पान त्रेचाळीसवर तिचंच एक वाक्य: 'इतक्या कमी जागेत द्रव उकळत नाही असे गृहीत धरले आहे.'

प्रबंध बांधून टेबलावर पडला होता. तिच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. मार्गदर्शक बाई रोज विचारायच्या. आई फोनवर विचारायची, "झालं का गं एकदाचं?" ती दोघींनाही 'उद्या' सांगून वेळ मारून नेत होती.

आज सकाळी तिने ते गृहीतक गणितातून काढून टाकलं होतं. पाण्याला उकळू दिलं होतं.

"बसा मामा," तिने खुर्ची सरकवली आणि संगणकावर नवं गणित सुरू करायची कळ दाबली.

पडद्यावर तांबडा डाग पसरला. त्याच्या मधोमध एक बुडबुडा फुगला आणि द्रव बाजूला सरला. बुडबुड्याखाली सगळं कोरडं. तिथे सुया उगवणार कशातून? कडेला मात्र एक कडं हळूहळू दाट होत गेलं. आतली रुंदी स्थिरावली: सतरा पूर्णांक नऊ.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे तू काढलंस?"

"पाण्याने काढलंय. मी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला झाले."

शेजारच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं चित्र तसंच होतं: हजारो सुया, एकमेकींना खेटून, मधली जागा सोडून गोल उभ्या. कुणाच्याही नजरेस न पडलेला तो बुडबुडा केव्हाच विरून गेला होता, आणि त्याची कड अजून मोजता येत होती. एकतीस वेळा तिने ती खराब म्हणून बाजूला सारली होती.

"सही झाली का?" बाई घाईघाईने आत आल्या. "दीडला कार्यालय बंद होतं. आणि मामा, तुम्ही इथे काय करताय?"

"पाणी उकळतंय का बघतोय, बाई."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं, टोपण न काढताच प्रबंधावर ठेवलं.

"बाई, मी हा प्रबंध देणार नाही. चौथं प्रकरण चुकलंय. मी ते पुन्हा लिहिणार आहे."