सात मिलिलिटर काळी शाई

टेबलावर शाईची एक बाटली, दोन सिरिंज, तीन जुनी वर्तमानपत्रं आणि प्रिंटरचं एक कार्ट्रिज होतं. ताईच्या प्रबंधाची छत्तीस पानं छापायची राहिली होती आणि चार वाजता तो जमा करायचा होता. मी घाईघाईत शाई भरली, तर पानावर नुसते पांढरे पट्टे आले.

“आत हवा गेलीय, दीडशहाण्या,” आई म्हणाली. तिने तीस वर्षं दवाखान्यात इंजेक्शनं दिली आहेत. तिने सिरिंजला टिचकी मारून बुडबुडा घालवला आणि शाई सावकाश आत सोडली.

“दुखलं का रे बाळा?” ताईने कार्ट्रिजला विचारलं.

“तुमच्यासारखा रडका नाही हा पेशंट.”

तीन वाजून दहा मिनिटांनी छत्तिसावं पान बाहेर आलं.