दोनाच्या वर्गमुळातला मरणदिवस

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी कोणी खोकतसुद्धा नव्हतं. व्यासपीठावर वर्गमूळबाबा एक पुस्तक उलटत होते. शंभर पानं, पानावर हजार आकडे. सगळे दोनाच्या वर्गमुळाचे.

"एक पूर्णांक चार एक चार दोन… अंत नाही, आवर्तन नाही! माणूस गणित करून थकतो, विधाता थकत नाही. ताई, तुमचंही मूळ यातच!"

समोर म्हातारे दादा आणि त्यांची धाकटी बहीण बसले होते. बहिणीच्या पोटात गाठ होती आणि चार दिवसांनी, सतरा सप्टेंबरला, ऑपरेशन. उशीर झाला तर हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबांचं बोट थांबलं. "एक, सात, शून्य, नऊ. सतरा-नऊ! त्या दिवशी सुरी लागली, की खेळ खलास."

सभा शहारली. बहिणीने दादांचा हात धरला. "दादा, मी नाही जायची."

दादांनी छापखान्यात चाळीस वर्षं आकड्यांचे तक्ते तपासले होते, पण चारचौघांत तोंड कधी उघडलं नव्हतं. आपलंच चुकत असेल तर? तरी ते उठले, व्यासपीठावर गेले आणि त्याच पानावर त्यांनी खिशातली पट्टी ठेवली. सवयीने ती ओळीमागून ओळ सरकली.

"पहिल्या दहा ओळींत सोळा तारखा आहेत," ते पुटपुटले.

"मोठ्याने बोला की, आजोबा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"सोळा तारखा! बारा एप्रिल, तीस जून, नऊ मार्च… या कोणाच्या?"

"इतरांच्या," बाबा हसले.

"मग सतरा-नऊ हिचीच कशावरून?"

दादांनी पानातली कागदाची चिठ्ठी उचलली. तिच्यावर पान आणि ओळ लिहिली होती. अक्षर, दारात बहिणीचा अर्ज भरून घेणाऱ्या नोंदणीवाल्याचं.

"त्याने अर्जात ऑपरेशनची तारीख विचारली, बहिणीने सांगितली. कॉम्प्युटरने ती क्षणात शोधली. लाख आकड्यांत कुठलीही तारीख दहा-दहा वेळा सापडते."

"तुमचीही आहे यात, म्हातारबुवा," बाबा हळूच म्हणाले.

दादांनी पट्टी उचलली. "असणारच. वर्षाचा एकही दिवस सुटला नसेल. म्हणून लोकहो, तारीख सापडली की घाबरण्याआधी विचारा, ती शोधायला सांगितली कोणी?"

काही जण उठून गेले. बरेचसे बसूनच राहिले; पुढचा नंबर पुकारला गेला.

सतरा तारखेला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी बहिणीने विचारलं, "दादा, आज काही होणार नाही ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ते मला ठाऊक नाही," दादा म्हणाले. "त्या पुस्तकालाही नाही. डॉक्टरांना थोडंफार ठाऊक आहे, म्हणून तू आत जा."

ती आत गेली.